एका वैशाखाची घूं

परवा मी आमचा टेबलफॅन दुरुस्त केला. त्याआधी तो चालत होता.

फिरताना घूं करायचा, एवढीच त्याच्याबद्दल तक्रार होती आणि तीही माझीच. बायकोला त्या आवाजात उलट छान झोप लागायची. पण मी रविवारी दुपारी पाट मांडून बसलो, जाळी काढली, पाती काढली, आत शिवणयंत्राचं तेल सोडलं, शेवटी एक स्क्रू उरला तो खिशात टाकला आणि बटण दाबलं. घूं पूर्ण गेली. पातंही हललं नाही. कुंदा, म्हणजे माझी बायको, सुपात तांदूळ घेऊन दारात उभी होती. म्हणाली, "आवाज गेला खरा." आणि मागच्या पडवीत निघून गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर टोमणा मारायचेही तिला कष्ट होतात. ती नुसतं जे झालं ते सांगते.

वैशाख आहे. समुद्र एवढा उशाशी असून वसईत या दिवसांत वाऱ्याचा पत्ता नसतो. दुपारी केळीची पानं मधल्या शिरेवर दोन्ही बाजूंनी मिटून घेतात, कोणी छत्री मिटावी तशी, आणि सगळी वाडी जरा बारीक झाल्यासारखी दिसते. सोनचाफ्याचा वाससुद्धा जड होऊन खाली बसतो. आचोळ्याकडे नव्या इमारती उठताहेत, तिकडे जाणारे रेतीचे ट्रक रस्त्यावरून हादरत जातात आणि त्यांची धूळ आमच्या जांभाच्या झाडावर येऊन राहते. मीही थकलेला असतो. तरुणपणी थकवा यायचा, चहा घेऊन जायचा. आता तो जुन्या भाडेकरूसारखा आहे, निघायचं नाव नाही.

पंखा बंद पडल्यावर घरात जी शांतता पसरली, ती मला ओळखीची वाटली. अशीच एक शांतता मी एकदा फार खटपटी करून मिळवली होती. तेव्हाही वैशाखच होता, दहाएक वर्षांपूर्वीचा.

मी मूळचा वसईचा नाही. गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून लागलो, आणि वर्षभरात इथलीच मुलगी सांगून आली. एकुलती एक, आई लहानपणीच गेलेली, वडिलांची केळीची आणि पानवेलीची वाडी. लग्नानंतर भाड्याची खोली शोधायचं आम्ही बराच काळ ठरवत राहिलो आणि वाडीतल्या घराच्या माडीवर राहत राहिलो. घरजावई हा शब्द गावात कोणी माझ्या तोंडावर काढला नाही. "आप्पांकडे असतात ते," एवढंच म्हणायचे.

आप्पा म्हणजे माझे सासरे. घरात ते त्यांच्या वाडवळी बोलीत बोलत. मी त्यांचं बोलणं इथे माझ्या स्टोअरकीपरी मराठीत उतरवतो आहे, तेव्हा चव कमी लागली तर ते त्यांच्याकडून झालेलं नाही. माणूस अंगाने किडकिडीत, आणि गळा मात्र ओल्या दोराला पीळ असावा तसा. एकादशीला देवळात भजनाला बसत, पण त्यांचं खरं गाणं वाडीत चाले. विहिरीवर पंप सुरू झाला, पाटातून पाणी केळीच्या आळ्यांकडे निघालं, की त्या घरघरीच्या वरून आप्पांचा आवाज यायचा. फावड्याने एक आळं फोडायचं, दुसरं बांधायचं आणि मध्ये एक तान. वाडीच्या कुठल्या टोकाला पाणी पोचलं आहे हे घरात बसून आवाजावरून कळे.

त्या वैशाखाआधीच्या थंडीत हा आवाज बसला. आधी काढा झाला, मग मिठाच्या गुळण्या, मग वसईतले डॉक्टर, मग मुंबईचं इस्पितळ. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की कंठ काढावा लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही. आप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाडीत गुरं शिरली तर हाकलायची कशी?" डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीकडे.

वैशाख सरता सरता दाखल व्हायचं ठरलं.

त्याच संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता कुंदा मला म्हणाली, "तुमच्या त्या डब्याचा काही उपयोग होईल का? मला आप्पांचा आवाज ठेवायचा आहे."

डबा म्हणजे माझा अॅम्प्लिफायर. त्या काळी काही माणसं पत्ते खेळत, काही दारू पीत, मी अॅम्प्लिफायर करत असे. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणायचे, मासिकातला नकाशा भिंतीला चिकटवायचा आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळं बसवायचं. डब्यावर अजून एक गुबगुबीत बाळ बिस्कीट खात हसत होतं. आवाज कमीजास्त करायची खुंटी नेमकी त्याच्या पोटावर आली होती. त्या दिवसापर्यंत या डब्याने घरात कुणाचंही भलं केलेलं नव्हतं. बायकोने त्याचा उपयोग विचारावा, असा तो पहिलाच प्रसंग, आणि मला वाटलं, आयुष्यभर आपण सोल्डरचा धूर हुंगला तो याचसाठी.

रेकॉर्ड करायचं यंत्र कुंपणापलीकडच्या इनासभाऊंनी दिलं. त्यांचा भाऊ आखातात होता, त्याने पाठवलेला कॅसेटप्लेअर. त्याचा आतला माइक आमच्या खाऱ्या हवेने बसला होता, म्हणून तर तो इतक्या सहज मिळाला. इनासभाऊ चर्चच्या गायनमंडळात व्हायोलिन वाजवत. आप्पांचं आणि त्यांचं भांडण पाण्याच्या पाटावरून, आणि दोस्ती सुरांवरून. कुंदा त्यांची गावातली बहीण, म्हणून मी त्यांचा दाजी. यंत्राबरोबर त्यांनी एक कोरी कॅसेटही दिली. म्हणाले, "दाजी, एकच आहे. जपून."

मी बाहेरचा माइक आणला, तो डब्याला जोडला, डबा कॅसेटप्लेअरला जोडला. मग अर्थिंग. नकाशाखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की डब्याचा पत्रा जमिनीशी जोडावा. आता वाडीत राहणाऱ्या माणसाला जमिनीशी सगळ्यात घट्ट जोडलेली वस्तू कुठली वाटणार? विहिरीत उतरलेला पंपाचा लोखंडी पाइप. पार पाण्यापर्यंत गेलेला. शहरातल्या लोकांना असं अर्थिंग स्वप्नात मिळणार नाही, असं मी कुंदाला म्हटल्याचं आठवतं. मी चांगली जाड तार घेतली, ओटीपासून विहिरीपर्यंत केळीच्या बुंध्यांवरून नेली आणि पाइपला आवळून बांधली. आप्पा बघत उभे होते. म्हणाले, "जावयबापू, याच्यावर कपडे वाळत घातले तर चालतील का?"

पहिल्या दिवशी आप्पा धुतलेला सदरा घालून ओटीवर बसले. आवाज खरखरीत झाला होता, पण होता. मी बटण दाबलं. ते गायले, सगळा अभंग गायले, मग थोडं बोलले, मग पुन्हा गायले. कॅसेटची बाजू जवळजवळ भरली. मी ती मागे फिरवून लावली, आणि सगळ्यांच्या आधी आली ती घूं. एखादा लठ्ठ भुंगा मडक्यात कोंडावा तशी. तिच्या मागून कुठूनतरी आप्पा.

"हे कोण?" आप्पांनी विचारलं.

"यंत्रातला दोष आहे. काढतो."

"राहू दे की. तंबोरा समजायचा."

इनासभाऊ म्हणाले, "घूं सुरात आहे, दाजी. माझ्या व्हायोलिनपेक्षा बरी."

मी हसलो नाही. मला ते स्वच्छ हवं होतं. रेडिओवर लागतं तसं, मागे काही नाही, नुसता माणूस. कुंदाच्या वडिलांचा आवाज आयुष्यात एकदाच ठेवायचा आहे आणि त्यात भुंगा? घूं असलेलं ठेवून करायचं काय, म्हणून दुसऱ्या दिवशी मी कॅसेट सुरुवातीला नेली आणि त्याच्यावरच पुन्हा घेतलं. घूं तशीच.

मग तो सगळा महिना मी घूंच्या मागे लागलो. कारखान्यातून दुपारी आलो की अंगावरचा घाम न पुसता डबा उघडायचा. माइकची वायर बदलली, जाळीचं आवरण असलेली आणली. पिन उलटी घालून पाहिली. कंडेन्सर मोठा घातला, तो शेंगदाण्याच्या लाडवाएवढा होता, त्यामुळे डब्याचं झाकण बसेना. ट्रान्सफॉर्मर आतून काढून हातभर लांब ठेवला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने सांगितलं, अर्थिंग कच्चं असेल. मी विहिरीवर जाऊन तार आणखी आवळली. घूं आणखी ठसठशीत झाली. आता एखाद्याला यावरून काही सुचलं असतं. मी पाइप घासून चकचकीत केला आणि तिसऱ्यांदा आवळली.

त्या उन्हाळ्यात विजेची फार ओढाताण होती. दिवसाचा बराचसा वेळ वीज नसेच. आली की दिवा लावायच्या आधी माणसं विहिरीकडे धावत, कारण केळी दोन दिवस तहानलेल्या असत. म्हणजे वीज आली की पंप, आणि वीज आली की माझा डबा. दोघे बरोबर जागे व्हायचे, बरोबर झोपायचे. पंप नसलेला डबा मी कधी ऐकलाच नाही. आप्पा पाणी सोडून येत, पायाला चिखल तसाच, ओटीवर बसत आणि विचारत, "आज काय बदललं?"

"तीन पिनांचा प्लग, आप्पा."

"बरं." मग खाकरून एक ओळ गात. मी मागे फिरवून ऐके. घूं. मी मान हलवे. ते उठून दुसऱ्या आळ्याकडे जात.

सुरुवातीला मी त्यांच्याकडून सगळा अभंग म्हणवून घेत होतो. मग अर्धा. मग दोन ओळी. मग नुसतं, "आप्पा, काहीतरी बोला." ते थकत होते, आणि मला कबूल करायला हरकत नाही की मीही थकत होतो. जे ऐकून पुसायचंच आहे ते लांब कशाला घ्यायचं? दर दिवशी आवाजातला एकेक धागा निसटताना मला कळत होता. पण माझं लक्ष घूंवर. माणूस असा कसा असतो, देव जाणे. पाहुणा दारातून निघालेला असतो आणि आपण त्याची चप्पल सापडत नाही म्हणून घर उपसत बसतो.

एक दुपार आठवते. वीज गेलेली. आप्पा आणि मी ओटीवर नुसते बसलो होतो. कुंदा आत इस्पितळाची पिशवी भरत होती, एक धोतर ठेवत होती, काढत होती. आप्पा हळूच म्हणाले, आता त्यांना हळूच बोलावं लागे, "जावयबापू, तुम्हाला राग येत नाही का या डब्याचा?"

म्हटलं, "येतो."

"मग सोडा."

"कुंदाने सांगितलं आहे."

त्यावर त्यांनी पाटाकडे बोट केलं. "ती लहानपणी पाटात पाय घालून बसायची," म्हणाले. "मी तिकडे टोकाला गेलो की ओरडायची, आप्पा गा, म्हणजे कळेल कुठे आहेस." मग त्यांना खोकला आला, आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

दाखल व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी वीज आली. पंप सुरू झाला. आप्पा ओटीवर बसलेलेच होते, त्यांना वाडीत जाववत नव्हतं. म्हणून पाणी सोडायला कुंदा गेली, आणि मी तिच्या मागून, चौथ्यांदा तार आवळायला. पाण्याचा वळता पाइप फिरवायचा होता. तिने तिथे कुंपणाला टेकवून ठेवलेली बांबूची काठी उचलली आणि काठीने पाइप ढकलला.

मी विचारलं, "हाताने का नाही?"

"मुंग्या येतात ना हाताला. चालू असला की झटका देतो थोडा."

"कधीपासून?"

"मी शाळेत होते तेव्हापासून." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत नव्हतं? सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर काठी आहे."

दहा वर्षं मी त्या वाडीत केळी खाल्ली होती. पाइपला हात लावला तो नेहमी पायात रबरी चपला घालून, कारण मला चिखल आवडत नसे. पंपातून गळणारी सगळी वीज पाइपात उतरत होती आणि माझ्या जाड तारेवरून, केळीच्या बुंध्याबुंध्याला टेकत, थेट डब्यावरच्या बाळाच्या पोटात जात होती. मी रोज तिला अधिक चांगला रस्ता करून देत होतो.

काठीने तार सोडवली. ओटीवर आलो, बटण दाबलं, कान लावला. काही नाही. इतकं काही नाही की मला आधी वाटलं, डबा मेला. मग आप्पांचा श्वास ऐकू आला. कुंदाने पंपही बंद केला, म्हणजे लांबची घरघरसुद्धा नको. इनासभाऊ कुंपणापाशी येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "आप्पा, आता."

आप्पा माइककडे बघत राहिले. ओठ हलले. सूर शोधल्यासारखा एक आवाज निघाला, फाटला, थांबला. पुन्हा एकदा. मग अभंगाचे दोन शब्द, गाऊन नव्हेत, कुजबुजून. मग ते म्हणाले, "एवढ्या शांततेत काय धरून गाऊ? आजाऱ्याच्या खोलीत बसल्यासारखं वाटतंय." आणि हाताने पुरे अशी खूण केली. त्या वेळी मला ते दुखण्यामुळेच आहे असं वाटलं. कुंदा आत गेली. इनासभाऊ त्यांच्या वाडीत गेले. केळी अर्ध्या भिजल्या होत्या. मी पंप पुन्हा सुरू केला, एवढं मला करता आलं.

आप्पा त्यानंतर चांगली चारपाच वर्षं होते. वाडी करत होते. गुरं शिरली की तीच बांबूची काठी पाइपवर दणादणा आपटायचे. कुंदाला हाक मारायचीही तशीच, दोन ठोके. गावाला सवय झाली. ते गेल्यावर एकदा आम्ही कॅसेट लावली. तो श्वास, ते फाटणं, ते दोन शब्द. कुंदाने "बंद करा" म्हटलं, मी बंद केली. मग कॅसेट बिस्किटांच्या डब्यात गेली, डबा माळ्यावर गेला, आणि विहिरीवर नवा पंप आला. तो झटका देत नाही.

तर परवा. पंखा मेल्यावर तो जिवंत करायला मला सोल्डरिंगचं सामान लागलं. माळ्यावरून डबा काढला. बाळाच्या तोंडावर गंज चढला आहे, पण हसणं आहे. तळाशी कॅसेट होती. मी ती बाजूला ठेवली आणि पंख्यात डोकं घातलं. कुंदाने ती कधी उचलली मला कळलं नाही. मागच्या पडवीत तांदूळ निवडता निवडता तिने ती घरातल्या टेपरेकॉर्डरवर लावली असणार. श्वास ऐकू आला, फाटलेला सूर ऐकू आला, आणि मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून वाट पाहिली, आता बंद करेल. तिने केली नाही. हात तांदळात होते म्हणून असेल.

शांतता संपली, खट् झालं, आणि घूं आली.

घूंमधून आप्पांचा घोगरा आवाज. "आज काय बदललं?" माझा, "वायर." मग खट्. पुन्हा घूं, आणि आप्पा जरा बऱ्या आवाजात, "जावयबापू, तुमच्या भुंग्याला आज सर्दी झाली आहे." खट्. मग दोन ओळी. खट्. मग अर्धा अभंग.

मला समजायला वेळ लागला. मी दर वेळी सुरुवातीपासून घेत होतो आणि दर वेळी आधीच्यापेक्षा कमी घेत होतो, थकून. त्यामुळे प्रत्येक दिवसाची शेपटी मागे उरली होती. कॅसेट पुढे जात होती आणि वैशाख उलटा चालला होता. आप्पा एकेक दिवस बरे होत होते. खरखर कमी होत होती, श्वास लांब होत होता. मी पडवीच्या दारात जाऊन उभा राहिलो. कुंदाच्या बोटांत एक खडा होता, तो तिने टाकला नव्हता.

शेवटी पहिला दिवस आला. घूं चांगली दणकट. आप्पा आधी गप्प होते. मग त्यांनी अगदी हळू आ लावला, घूंच्या जवळ गेला, तिला टेकला, तिच्यातच मिसळला. सा मिळाला. मग त्यावर उभे राहून ते गायले, वाडीत गायचे तसे, पंपाच्या वरून. टेप संपेपर्यंत.

पडवीत पुन्हा शांतता झाली. बाहेर पानं मिटलेली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो की मुंबईत आता अशी यंत्रं आली आहेत, मागचा आवाज वेगळा काढून टाकतात, ओळखीचा एक जण आहे, कॅसेट नेऊन बघतो, घूं साफ जाईल.

कुंदाने कॅसेट काढून पदराने पुसली आणि सुपाखाली ठेवली.

"घूं काढलीत," ती म्हणाली, "तर आप्पा गातील कशाला धरून?"